ऑपरेशन झालेल्या बाईला पाकीट कशाला?

माझी थोरली बहीण शर्टांच्या कारखान्यात काजं करते. ताईच्या जिभेला हाड नाही, पण कामात तिचा हात धरणारं कोणी नाही. भावोजी पूल बांधणाऱ्या टोळीत; चार-सहा महिन्यांनी घरी येतात. दुसरी मुलगी झाल्यावर कुटुंबनियोजन केंद्रातल्या नर्सबाईंनी मागे लागून लागून तिचं ऑपरेशन करवलं. सुटलीस एकदाची, असं आम्हीही म्हणालो.

पुढे टोळीतला एक जण एचआयव्हीने गेला. तुम्हीही त्याच्याबरोबर बायकांकडे जायचात का, असं ताईने भावोजींना सरळ विचारलं, तर ते जमिनीकडे बघत राहिले. ती काय समजायचं ते समजली. भांडली नाही. ते कामावर परतल्यावर अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून केंद्रात गेली आणि खिडकीशी कंडोम मागितले.

"तुमचं ऑपरेशन झालंय ना? मग कशाला हवेत?" नर्सबाई म्हणाल्या. रांगेतल्या बायका फिदीफिदी हसल्या.

कशाला हवेत म्हणे! जणू बाईच्या अंगाला पोर राहण्यापलीकडे काही होतच नाही. ताईने रोगाचं नाव काढलं, तेव्हा त्यांनी मागच्या इमारतीतल्या एड्सच्या ऑफिसाकडे बोट दाखवलं. तिथल्या साहेबांनी सांगितलं, आमचं काम धंदा करणाऱ्या बायकांसाठी आहे, घरच्या बायकांनी केंद्रात जावं. ताई तणतणत पुन्हा खिडकीशी आली.

"पोर होऊ नये म्हणून माझ्या घरी चपला झिजवल्यात," ती म्हणाली. "आता मी मरू नये म्हणून आलेय, तर इकडून तिकडे नाचवता?"

ऑपरेशन झालेल्यांना पाकीट नाही, असा नर्सबाईंनी नियम सांगितला आणि पुढच्या बाईला हाक मारली.

शेवटी ताईने औषधाच्या दुकानातून पाकीट आणलं. पण रांगेतल्या बायकांनी गावभर केलं होतंच. भावोजी सुट्टीवर आले आणि नर्सबाईंचंच बोलणं त्यांनी तिच्या तोंडावर मारलं: ऑपरेशन झालंय, मग हे कोणासाठी? शेजारच्या खोलीत मुली जाग्या होत्या. जन्मात पहिल्यांदा माझी ताई गप्प बसली, आणि पाकीट न फोडताच राहिलं.

वर्षभरात तिला एचआयव्ही निघाला. औषधं चालू आहेत, काजं करतेय, बरी आहे. मीच अजून धुमसतेय. भावोजींनी आजवर तपासणी केलेली नाही, आणि त्यांना कोणी विचारतही नाही. ताईपुढे मात्र नर्सबाई आता दर महिन्याला न मागता पाकिटं सरकवतात. वर बजावतात, "जपून राहा हं. तुमच्यामुळे नवऱ्याला व्हायला नको."