वरीलप्रमाणे

आधीच सांगून ठेवते, माझा माणसावर पटकन विश्वास बसत नाय. शाळेच्या ऑफिसात क्लार्कची खुर्ची पंचवीस वर्षं गरम केली की कुणाचाच बसणार नाय. आजारपणाचा अर्ज खोटा, जन्मतारीख खोटी, पालक म्हणून आणलेला काकासुद्धा खोटा! धसईच्या पुढं आमचं हायस्कूल आहे. तोंडावर सगळे मला मालूताई म्हणतात. पाठीमागं काय म्हणतात तेही मला माहीत आहे.

तर ही गोष्ट अनिता आगिवलेची. आमच्या गावाच्या वरच्या अंगाला ठाकरवाडी आहे, तिथली. मी लग्न होऊन आले तेव्हा तिचा बाप धाऊ आमच्याकडं भाताच्या लावणीला यायचा नि ही, त्याचं शेंडेफळ, आईच्या पाठीला बांधलेली असायची. पावसाळा संपला की आईबाप वीटभट्टीवर जायचे, म्हणून सहाव्या वर्षी पोरीला आश्रमशाळेत टाकली. तिथं दोन वर्षं इंग्रजीला मास्तरच नव्हता. कुणीतरी टाकून दिलेलं फाटकं गाईड घेऊन ही एकटी घोकत बसायची. पुढं मुरबाडच्या कॉलेजात बी.कॉम. केलं. सकाळची एसटी धरायला रोज तासभर चालत उतरायची. टायपिंगचा क्लास लावला, चाळीसचा स्पीड काढला नि अकरा वर्षांपूर्वी आमच्याच ऑफिसात ज्युनिअर क्लार्क म्हणून हजर झाली. आदिवासींच्या राखीव जागेवर.

मला ते आवडलं नाय. उगाच गोड कशाला बोलू? माझा हर्षित तिच्याच वयाचा, मार्क तिच्यापेक्षा जास्त, नि तो पडघ्याच्या गोडाऊनात पार्सलं स्कॅन करत होता. अजून करतोय. अनितानं पहिल्या दिवशी एकही चूक न करता पत्र टाइप करून दिलं, तेव्हा मला वाटलं, कुठून तरी जुनं पत्र बघून मारलेलं असणार. दुसरं दिलं. तेही बिनचूक. मग वाटलं, एवढं येतंय तर ही साधी नाय, हिच्यावर लक्ष ठेवलं पाहिजे. म्हणजे चुकली असती तरी माझ्या मनातून उतरली असती, नि नाय चुकली तरी उतरलीच.

कपाटाची चावी मी अकरा वर्षांत तिच्या हातात दिली नाय. एकदा पंचिंग मशीन सापडेना, तर मी सरळ तिची पिशवी उलटी केली. डबा, छत्री, कुणालीचा स्वेटर निघाला. कुणाली तिची लेक, तेव्हा अंगणवाडीत होती. दोन दिवसांनी मशीन माझ्याच खणात मिळालं.  मी ते गुपचूप टेबलावर आणून ठेवलं.

नि तो गिलास. ऑफिसात चहाचे सहा स्टीलचे गिलास होते. ती आली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी एका गिलासाच्या बुडाला लाल नेलपॉलिशचा ठिपका लावला. शिपाई संदेशला काय सांगावं लागलं नाय, त्याला बरोबर कळलं. तिलाही कळलं. तिचा तोच गिलास ती स्वतः उचलायची, स्वतः धुवायची नि खिडकीत पालथा घालायची. कुणी विचारलं असतं तर मी म्हणणार होते, स्वच्छतेसाठी गो. पण मग बाकीच्या पाचांना का नाय लावला ठिपका? कुणी विचारलंच नाय.

असं चाललेलं असताना गेल्या वर्षी तिला नोटीस आली. राखीव जागेवर लागलेल्याच्या जातीचा दाखला समितीकडून तपासून घ्यावा लागतो. तिची फाईल इतकी वर्षं पडून होती, ती कुणीतरी उघडली. वडिलांच्या शाळेच्या नोंदीत जात वेगळी दिसते, खुलासा करा, असं लिहिलेलं. खुलासा पटला नाय तर नोकरी जाणार.

सुनावणीला गेली तर तिला विचारलं, तुमचे देव कुठले, लग्नात गाणी कोण म्हणतं, माणूस मेल्यावर काय करता. आश्रमशाळेत वाढलेली पोर, जेवढं माहीत होतं तेवढं बोलली. तर तिथला साहेब म्हणाला, बोलण्यावरून, राहणीवरून तुम्ही ठाकर वाटत नाही.

"ठाकर वाटत नाय मी, ताई," ती आल्यावर मला म्हणाली, नि हसली.

माझ्या मनात काय आलं माहीत आहे? कुठंतरी पाणी मुरतंय! अकरा वर्षं जिचा गिलास मी बाजूला ठेवला, तिच्या जातीचा मला एका मिनिटात संशय आला. माझं मलाच हसू यायला पाहिजे होतं. नाय आलं.

मग तिनं गावच्या प्राथमिक शाळेतून जुन्या रजिस्टरची नक्कल काढून आणली नि माझ्या टेबलावर ठेवली. चौदा नंबरला जयराम, म्हणजे माझे सासरे, आबा. जातीच्या रकान्यात 'हिंदू कुणबी'. पंधरा नंबरला धाऊ. त्याच्या रकान्यात नुसत्या दोन बारक्या उभ्या रेघा.

मी क्लार्क आहे. अशा रेघा मी हजारांनी मारल्यात. त्यांचा अर्थ 'वरीलप्रमाणे'. एका दिवशी तीस पोरं दाखल करायची, गुरुजींचा हात दमला असणार, नि 'हिंदू' सगळीकडं तेच म्हणून त्यांनी खालपर्यंत रेघा ओढल्या असणार. तेवढ्यात धाऊ कुणबी झाला. आख्ख्या गावात त्याला कुणी आमच्या बरोबरीला बसवलं असेल तर त्या दोन रेघांनीच, नि त्याच आता त्याच्या लेकीच्या पोटावर उठल्या होत्या.

"मंगळवारी चौकशीचे साहेब गावात येणार आहेत," अनिता म्हणाली. "वरचं नाव आबांचं. त्यांचाच जबाब धरतील. आबांनी फक्त खरं सांगावं, ताई."

माझे कान टवकारले. खरं म्हणजे कुठलं खरं? आज आमच्या तोंडून लिहून घ्यायचं नि उद्या त्याच कागदावर आमच्यावरच अॅट्रॉसिटी ठोकायची, असा डाव असला तर? रात्री हर्षित पण तेच बोलला. "आई, सही कशावर करायची नाय. आजकाल काय सांगता येत नाय." मी अनिताला म्हटलं, बघू. एवढंच.

मंगळवारी साहेब आले. आमच्या ओटीवर खुर्ची टाकली. आबांनी धुतलेला सदरा घातलेला. धाऊ नि अनिता अंगणात उभे. साहेब म्हणाले, वर या, बसा. धाऊनं चपला अंगणाच्या कडेला काढल्या नि तिथंच उभा राहिला. म्हणाला, "बराय सायेब हितंच."

साहेबांनी आबांना विचारलं, "तुम्ही नि धाऊ एकाच वर्गात होता?"

"व्हय. एकाच दिवशी नाव घातलं आमचं."

"धाऊ ठाकर म्हणून त्याला वेगळं बसवायचे का?"

आबा ताठ झाले. "छ्या! आमच्या गावात तसलं काय कधीच नव्हतं, सायेब. मांडीला मांडी लावून बसायचो. सगळी एका आईची लेकरं!"

इतकं छान बोलले आबा. पंधरा ऑगस्टला झेंड्याखाली बोलतात तसं. साहेब भराभरा लिहीत होते. मग मान वर करून म्हणाले, "म्हणजे गावानं यांना कधी वेगळं मानलं नाही. मग रजिस्टरमधली नोंद चुकीची आहे, असं कशावरून म्हणायचं?"

धाऊ आपल्या पायांकडं बघत होता. अनिता माझ्याकडं बघत होती. हात जोडलेले नव्हते, डोळ्यात पाणी नव्हतं, नुसती बघत होती. पिशवी उलटी केली तेव्हा बघत होती तशीच.

माझं टाळकंच फिरलं. कुणावर, ते मला तेव्हा कळलं नाय.

"आबा, खोटं कशाला बोलता?" मी म्हटलं. "तुमीच सांगितलंत ना मला, धाऊ दाराबाहेर पोत्यावर बसायचा म्हणून? गुरुजी त्याची पाटी लांबूनच बघायचे, पाणी वरून ओंजळीत ओतायचे. हसत हसत सांगितलंत की!"

आबांचं तोंड लाल झालं. साहेब मला म्हणाले, "बाई, ही ऐकीव माहिती झाली. तुम्ही तेव्हा नव्हता."

"मग डोळ्यांनी बघितलेलं लिहा. आमच्या ऑफिसात सहा गिलास आहेत. त्यातल्या एकाला लाल ठिपका आहे. तो हिचा. अकरा वर्षं ही त्यातच चहा पिते. दुसरा हिला कुणी दिला नाय."

साहेबांचं पेन थांबलं. "ठिपका कोणी लावला?"

दारात हर्षित उभा होता. नको नको म्हणून मान हलवत होता. नोकरीची सहा वर्षं राहिलेली, या वयात पोलीस ठाण्याची पायरी चढायची? दुसऱ्या कुणाचं नाव घेता आलं असतं. संदेशचं घेता आलं असतं, तो बिचारा काय बोलला असता?

"मी लावला," मी म्हटलं. "ती ठाकर म्हणून लावला. दुसरं कारण नाय."

त्यांनी तसंच लिहिलं नि कागद पुढं केला. मी सही केली. मग आबा खाली बघून हळूच म्हणाले, "तागाचं पोतं व्हतं, सायेब. घरनं आणायचा तो." त्यांनी पण सही केली.

जाताना धाऊ आबांना रामराम करून गेला. अनिता त्याच्या पाठोपाठ गेली. त्यानंतर दारात कुठली पण गाडी थांबली की मला वाटायचं, आले पोलीस. कुणी आलं नाय.

तीन महिन्यांनी तिचं प्रमाणपत्र आलं. नोकरी राहिली. ती पेढे घेऊन ऑफिसात आली. मी त्याच आठवड्यात म्हसा गावच्या जत्रेतून सहा नवे कप आणले होते, निळ्या फुलांचे, सगळे सारखे. जुने गिलास मी संदेशला भंगारात द्यायला सांगितले होते, ते त्यानं पुड्यात बांधून खिडकीत ठेवलेले. त्या दिवशी मी स्वतः चहा ओतला नि पहिला कप तिला दिला. कपाटाची चावी पण तिच्यासमोर ठेवली.

तिनं चहा प्यायला. छान झालाय म्हणाली. कप धुवायला उठली तर मी म्हटलं, राहू दे गो, संदेश धुवेल. मग तिनं खिडकीकडं जाऊन पुड्यातले गिलास एकेक उलटे करून बघितले. लाल ठिपक्याचा सापडला, तो वर्तमानपत्रात गुंडाळला नि पिशवीत घातला.

"अगो, तो कशाला नेतेस आता?"

टोमणा म्हणून नेत होती का खरंच हवा होता, मी तिच्या तोंडाकडं निरखून बघितलं. मला कळलं नाय. अजून नाय कळलं.

"असू दे, ताई," ती म्हणाली. "कुणालीचा दाखला तपासायचा आहे अजून."