अकोल्याच्या बाकावरचं तीर्थ

गुडघा दुखायला लागला की माझी श्रद्धाही लंगडते. मांडी घालता येईना, म्हणून मी खुर्चीवर बसून पूजा करू लागलो. देवीपेक्षा उंच बसल्याची लाज वाटे. सांधा बदलायला भ्यालो. मग अकोल्याच्या डॉक्टरांनी वेगळा उपाय सुचवला. मांडीतल्या धमनीतून बारीक नळी गुडघ्यापर्यंत न्यायची आणि सुजलेल्या अस्तराला रक्त पुरवणाऱ्या फाजील वाहिन्या सूक्ष्म कणांनी बंद करायच्या. झिजलेला सांधा नवा होणार नाही, दुखणं मात्र कमी होईल. हृदयाची वाहिनी उघडून घेतलेला माझा भाऊ म्हणाला, "मायी बंद होती तं उघडली, अन् तू चालू असलेली बंद कराले चालला!"

घाबरून मी अंबादेवीला नवस बोललो : सगळं पार पडेपर्यंत पाण्याचा थेंब घेणार नाही. डॉक्टरांनी तर बजावलं होतं, किडन्या आधीच काठावर आहेत, वाहिन्या दिसण्यासाठी सोडायच्या औषधाचा भार त्यांच्यावर पडेल, तेव्हा पाणी भरपूर प्या. मी देवीची बाजू घेतली. तिला न विचारता.

अमरावतीहून निघाल्यापासून बायको बाटली पुढे करत होती. मी ओठ ओले करून परत देत होतो. सिस्टरनं विचारलं, तर "प्यालो" म्हणून बेधडक सांगितलं. बाहेरच्या बाकावर नंबराची वाट पाहताना जीभ टाळूला चिकटली, डोळ्यांपुढे अंधारी आली. शेजारी चांदूर बाजारच्या एक मावशी होत्या, नवऱ्याला घरी न्यायला आलेल्या.

"काहून रे बापू, तोंड काहून सुकलं तुयं?"

बायको बिलाच्या खिडकीकडे गेली होती. तिच्यापासून लपवलेला नवस मी त्या परक्या बाईला सांगून टाकला.

"देवी माय हाय का सासू? माय लेकराले तहानलेलं ठेवते का?" त्यांनी पिशवीतून बाटली काढली. "घे, अंबामायचं तीर्थ हाय. तीर्थानं नेम मोडत नसते. अन् पिऊन झालं का डॉक्टरले खरं सांग."

तीर्थाला नाही कसं म्हणणार? ओंजळीमागून ओंजळ प्यालो आणि आत जाऊन कबुली दिली. डॉक्टर रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. त्यांनी काम थांबवलं, सलाईन लावलं, रक्त पुन्हा तपासायला पाठवलं. रिपोर्ट येईपर्यंत मी छताकडे पाहत पडलो होतो. किडन्या गेल्या तर गुडघा घेऊन काय करू? नवस बोलायचंही धाडस उरलं नव्हतं. "माय, तूच पाह्य," एवढंच म्हटलं.

रिपोर्ट ठीक आला. टेबलावर मी जागाच होतो. वाहिन्या दिसण्याचं औषध सोडताच गुडघ्यात ऊन पसरावं तशी धग पसरली, आणि पडद्याकडे पाहत डॉक्टर थबकले. एक फाटा कातडीकडे जात होता. कण तिकडे गेले तर कातडी काळी पडते. "अजिबात हलू नका." कातडीतल्या वाहिन्या आकसाव्यात म्हणून गुडघ्यावर बर्फ ठेवला. मी श्वासही उसना घेतल्यासारखा जपून घेत होतो. बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "झालं."

बायकोला तीर्थाची गोष्ट सांगितली. "अवो, ते बाटली तं त्यायनं माह्यासमोर इथल्याच फिल्टरवर भरली!"

मावशींना शोधलं, पण त्या नवऱ्याला घेऊन केव्हाच गेल्या होत्या.

गुडघा अजून कुरकुरतो, पण भिंतीला धरून मी आता जमिनीवर बसतो. देवीला अटी घालणं सोडलंय. ती कोणाच्या पिशवीतून येईल, हे ठरवणारा मी कोण? परवा देवळात पुजाऱ्यानं तळहातावर तीर्थ घातलं. मी ते प्यालो आणि हात पुन्हा पुढे केला.