बोंबलांच्या दांडीवरचे टॉवेल

आमच्या गावच्या किनाऱ्यावर बांबूच्या ज्या दांड्यांवर पूर्वी बोंबील वाळायचे, तिथं आता रिसॉर्टच्या पाहुण्यांचे टॉवेल वाळतात. ते धुऊन वाळत घालणारी हिरामावशी सावलीला बसली होती. दांडीवर कावळा उतरला, तशी तिनं बसल्या जागेवरून काठी आपटली, "हाऽड!"

मला हसू आलं. "मावशी, तो काय टॉवेल खाणार आहे?"

तीही खुदकन हसली. घरची होडी कधीच विकली गेली, वाळूत रंगीत छत्र्या उभ्या राहिल्या. राखणीची सवय तेवढी तिच्या हातात राहून गेली.

कावळा परत आला. मावशीनं उचललेली काठी या वेळी हळूच खाली ठेवली.

"बस रे बाबा," ती त्याला म्हणाली, "तुलापण येतो ना अजून बोंबलांचा वास?"