वीस मायक्रॉनची तक्रार

"काका, हा दात कुणी घासला?"

"मीच."

"कशानं?"

बबनकाकांनी शर्टाच्या खिशातून उदबत्तीएवढी बारीक कानस काढली. मुठीला काळी टेप गुंडाळलेली.

माझा दवाखाना पिंपळे गुरवला आहे. दातानं बाटल्या उघडणारे, वायर सोलणारे, सगळे माझ्या खुर्चीत बसून गेलेत. पण आरशात बघून स्वतःचा धडधाकट दात कानशीनं घासणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होते.

काका चऱ्होलीचे. चाकणच्या एका कंपनीच्या टूलरूममधून फिटर म्हणून रिटायर झालेले. पत्रा दाबून आकार देणाऱ्या साच्याला डाय म्हणतात. तिचे दोन भाग एकमेकांवर तंतोतंत बसवायचे, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. दोन महिन्यांपूर्वी मीच त्यांच्या खालच्या दाढेवर कॅप बसवली होती. नंतर ते दोनदा येऊन सांगून गेले, "डॉक्टर, वर लागतीय. वीस मायक्रॉन तरी." म्हणजे दात मिटताना कॅप उंच लागते, तीही केसाच्या जाडीपेक्षा कमी. दोन्ही वेळा मी तपासलं, ठीक होतं. दोन्ही वेळा मी म्हणाले, "होईल सवय, काका."

सवय झाली नाही. मग काकांनी घरीच काम काढलं.

"पण कॅप वर लागत होती ना? मग वरची दाढ का घासली?"

"कॅप कडक हाय. कानस घसरती तिच्यावर," काका शांतपणे म्हणाले. "दोन पार्ट मिळत नसले की मऊ असंल त्याला घासायचं. आमच्यात असंच करत्यात."

"आणि कुठं घासायचं ते कसं कळलं?"

काका जरा लाजले. "सुनेची लिपस्टिक लावली कॅपला. दात मिटला. वर डाग उठला, तिथं घासलं. कळ आली तवा थांबलो."

मला हसू आलं आणि लगेच बाबा आठवले. माझे बाबाही टूलरूममधेच होते. डायच्या एका भागाला निळा रंग फासायचा, दुसरा त्यावर टेकवायचा, जिथं निळं उठेल तिथंच उंचवटा. बाबांच्या नखांतली ती निळाई रविवारीही जायची नाही. माझ्या शाळेच्या वह्यांना ते कव्हर घालायचे, तर प्रत्येक कव्हरवर निळा अंगठा. तेव्हा मला त्याची लाज वाटायची. आज तसली एक वही मिळाली तर मी उराशी धरीन. एखादा साहेब "चालेल हो" म्हणाला की बाबा घरी येऊन जेवताना धुसफुसायचे. आणि त्यांची मुलगी पेशंटला सांगत होती, होईल सवय.

काकांच्या डाव्या बाजूला दाढाच नाहीत. चावायला ही एकच बाजू. वरच्या दाढेची नस दुखावली असती, तर ती बाजूही धोक्यात.

मी गारेगार कापूस दाढेला लावला. याचा हिशेब सोपा असतो. कापूस काढताच कळ गेली तर नस शाबूत. कळ रेंगाळली तर रूट कॅनल, म्हणजे नसच काढायची. काकांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. मी कापूस काढला.

"कळ हाय... हाय..." काका म्हणाले. मी सेकंद मोजत उभी. "गेली."

घासलेल्या जागी फिलिंग भरलं. दाढ पूर्ववत झाली. मग निळा कागद दातांमधे धरून चावायला लावलं. आम्हीही निळाच वापरतो. सगळीकडे सारखे ठिपके उठले.

"झालं, काका. एकदम बरोबर."

"न्हाई. वर हाय."

तेच वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. गिळलं.

"मला उठवून बसवा," काका म्हणाले. "डाय टेबलावर मिळतीच ओ. प्रेस मशीनमधी चढवली की खरं कळतं."

मी खुर्ची सरळ केली. आडवं झालं की खालचा जबडा किंचित मागे सरकतो, आणि जेवताना माणूस बसलेला असतो. हे मला कॉलेजात शिकवलं होतं. पण आडव्या पेशंटवर काम पटकन उरकतं, आणि बाहेर माणसं खोळंबलेली असतात.

काका ताठ बसून निळ्या कागदावर चावले. कॅपच्या पुढच्या कडेला मोहरीएवढा गडद ठिपका उठला. मागच्या दोन्ही वेळा तो तिथंच असणार. मी बघितला नव्हता.

"चूक माझी होती, काका."

"असूं दे. दाखवल्याशिवाय कुनाला दिसत न्हाई."

घासायचं मशीन कॅपला दोनदा टेकवलं, ठिपका गेला. काकांनी डोळे मिटून दात एकमेकांवर आपटले. टक. पुन्हा टक. कान देऊन ऐकत होते. बाबा डाय मिटताना अगदी अशीच मान वाकडी करायचे. माझे डोळे भरून आले. ट्रे आवरायला पाठ फिरवली म्हणून निभावलं.

"आता बसली."

जाताना त्यांनी कानस माझ्या टेबलावर ठेवली. "ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं. घरी असली की हात शिवशिवत्यात."

ती अजून माझ्या ड्रॉवरमधे आहे. पेशंट "वर लागतंय" म्हणाला की आता मी आधी खुर्ची सरळ करते. आणि निळा ठिपका सापडेपर्यंत तोंड बंद ठेवते, माझं.