नोरीनच्या दारातलं तिरकं पार्किंग

ट्रकसाठी गावाबाहेरून रस्ता झाला आणि आमच्या वॉराबीन गावाच्या मेन स्ट्रीटला चार लेन जास्तच व्हायला लागल्या. कौन्सिलनं ठरवलं, दोन पुष्कळ झाल्या; उरलेल्या जागेत एका बाजूला तिरकं पार्किंग करायचं. म्हणजे तिथे गाड्या दुप्पट मावणार. नकाशात ती बाजू होती वेराच्या केकच्या दुकानाची.

झालं! समोरच्या नोरीनच्या अंगाचा तिळपापड झाला. तिची बेकरी माझ्या सलूनला लागून, त्यामुळे हा जळफळाट मला रोज ऐकावा लागायचा.

"सगळं त्या भवानीलाच का गं? केस काय रंगवते, काचेत केक काय मांडते, आणि आता पार्किंगपण तिलाच?"

"केस मीच रंगवलेत तिचे. तूही रंगवून घे."

"तू गप्प बस!"

पार्किंग हे निमित्त हो. खरं दुखणं होतं क्लाइव्ह. मेंढ्या पाळणारा, विधुर, दर शुक्रवारी गावात यायचा. नोरीनकडून सॉसेज रोल घ्यायचा आणि पिकअपमध्ये बसून खायचा. तो दुकानात शिरला की ही बया पोरीसारखी लाजायची. पन्नाशीत! पण आमच्या बाजूला जागा मिळायची नाही, म्हणून त्याची गाडी उभी राहायची वेराच्या दारात. तेवढ्यानं नोरीनला घास गोड लागत नव्हता.

कौन्सिलच्या सभेत ती अशी काही कडाडली की नकाशाच फिरला. तिरकं पार्किंग आमच्या बाजूला आलं.

पहिल्याच शुक्रवारी क्लाइव्ह थेट नोरीनच्या दारात. आता आमच्या गावात नियमच आहे, तिरक्या जागेत गाडी मागे घेत लावायची, तोंड रस्त्याकडे. जन्मभर इथे गाडी चालवूनही हे नोरीनच्या डोक्यात आलं नव्हतं. तो रोल घेऊन गाडीत बसला. पाठ आमच्याकडे, आणि समोर काचेआड केकवर साखरेची फुलं काढणारी वेरा.

"बघतोय बघ मेला," नोरीन दात खात म्हणाली.

"मग कुठे बघणार? तूच बसवलंस त्याला तिथे."

पुढे एका शुक्रवारी त्यानं रोल अर्धाच खाल्ला. उरलेला कागदात गुंडाळला, आरशात बघून केस सारखे केले आणि रस्ता ओलांडून वेराच्या दुकानात शिरला.

नोरीननं पुसलेलाच काउंटर पुन्हा पुसायला घेतला.

"रोलमध्ये मीठ जास्त झालं होतं का गं आज?" तिनं मला विचारलं.