माझ्या पहाऱ्यातलं डाएट

"साखर बेचाळीस आहे," परळच्या हॉस्पिटलमधल्या डॉक्टरबाई म्हणाल्या. "हायपोग्लायसेमिया." म्हणजे रक्तातली साखर धोक्याइतकी खाली जाणं. मला वाटलं, मशीन बिघडलंय. साखर जास्त म्हणून ज्या माणसाला सहा वर्षं गोळी चालू आहे, त्याची साखर कमी कशी होईल?

माझा स्वभावच संशयी, हे आधीच सांगते. आमच्या घरी झालं ते तुमच्याकडे होऊ नये म्हणून लिहितेय.

आम्ही लालबागला राहतो. आमचे हे शिवडीच्या एका गोदामात सुपरवायझर आहेत. वजन एकशे आठ किलो. दोन जिने चढले की धाप लागायची. समोरच्या बिल्डिंगमधल्या एक बाई डाएट कोच झाल्या होत्या, त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये मीच यांचं नाव घातलं. चाळीस दिवस धान्य बंद. सकाळी दालचिनीचं पाणी, दुपारी काकडी-टोमॅटो, संध्याकाळी सूप. प्रत्येक ताटाचा फोटो ग्रुपवर टाकायचा.

"साखरेच्या गोळीचं डॉक्टरांना विचारू का?" असं मी मॅडमना म्हटलंही होतं.

"ताई, त्यांना पेशंट कायमचा हवा असतो. गोळी चालू राहू दे, वजन उतरलं की आपोआप सुटेल."

मला ते लगेच पटलं. डॉक्टरांविषयी कुणी वाकडं बोललं की मला पटतंच.

पहिल्या दहा दिवसांत पाच किलो उतरले, मग काटा हलेना. मॅडमनी मला वेगळा मेसेज केला, "भाऊ बाहेर काहीतरी खात असतील. लक्ष ठेवा."

मला तेवढंच हवं होतं. हे घरी आले की मी शर्टाचा वास घ्यायची. डबा स्वतः खाल्ला की वाटून टाकला, याची उलटतपासणी करायची. एका रविवारी बांगड्याचं तिखलं केलं आणि यांना भाताशिवाय नुसता तुकडा वाढला. ते गपचूप जेवले. त्या गप्प बसण्यातही मला लपवाछपवी दिसली.

मग पँटच्या खिशात बिस्किटांचा रिकामा कागद सापडला.

"अगं, हात थरथरतात मध्येच. घाम फुटतो. बिस्कीट खाल्लं की बरं वाटतं."

"हो, आणि वडापाव खाल्ला की आणखीनच बरं वाटत असेल," मी म्हटलं. बिस्किटांना हात लावणार नाही अशी शपथ घ्यायला लावली. गोदामात त्यांच्या बरोबर काम करणाऱ्या सावंतांनाही फोन करून बजावलं, यांना काहीही खायला देऊ नका.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्याच सावंतांनी यांना बेशुद्धावस्थेत टॅक्सीतून परळला आणलं.

शिरेतून ग्लुकोज दिल्यावर काही मिनिटांत यांनी डोळे उघडले. मला रडू आवरेना. डॉक्टरबाईंनी यांना विचारलं, "आधी कधी हात थरथरायचे?"

"हो. बिस्कीट खाल्लं की थांबायचं."

"त्या बिस्किटांनीच इतके दिवस वाचवलं तुम्हाला. पोटात अन्न असो-नसो, ही गोळी साखर उतरवतच राहते. मग बिस्किटं बंद का केलीत?"

यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाले, "संपली होती, डॉक्टर."

 डॉक्टरबाई बाहेर गेल्या तशी मी मागोमाग जाऊन त्यांना खरं काय ते सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. उलट म्हणाल्या, "बरं झालं बोललात."

दोन दिवसांनी आम्ही घरी आलो. गोळी बदलली, एक वाटी भात परत आला, संध्याकाळी चालणं सुरू झालं. महिन्याला किलोभरसुद्धा उतरत नाही, पण डॉक्टरबाई चालेल म्हणतात आणि यावेळी मी त्यांचं ऐकते. झालेला प्रकार मी ग्रुपवर लिहिला, तर मॅडमनी मलाच ग्रुपमधून काढलं. मशीनवर, डॉक्टरांवर, नवऱ्यावर, सगळ्यांवर मी संशय घेतला होता. या बाईवर मात्र नाही.

तुमच्या घरी कुणाला साखरेची गोळी चालू असेल, तर खाणं बदलण्याआधी डॉक्टरांना विचारा. आणि हात थरथरतात असं माणूस सांगत असेल, तर त्याला आधी काहीतरी गोड खायला द्या.

सावंतांचे आणि त्या डॉक्टरबाईंचे उपकार मी विसरणार नाही. बाकी माझा स्वभाव काही एवढ्यात जायचा नाही. पण चोवीस वर्षांच्या संसारात यांचं एकच खोटं माझ्या हाती लागलं, आणि तेही ते मला वाचवायला बोलले होते.