अदीबची अमानत

नाल सापडला म्हणून घोडा घेणारे पुष्कळ असतील. कुत्रा सांभाळायचा म्हणून दोन बकऱ्या विकत घेणारा माणूस आमच्या आपटा गावात एकच, आणि तो माझ्या शेजारी राहतो. खलीलभाई. अठ्ठावीस वर्षं कुवेतमध्ये क्रेन चालवून ते परतले, नदीकाठच्या घरावर दुसरा मजला चढवला, आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या पत्नी आसियाभाभी वारल्या. तेव्हापासून खाली ते एकटे आणि वरच्या मजल्याला कुलूप.

कुत्रा मुळात त्यांचा नव्हेच. मुलगा अदीब कामोठ्याला फ्लॅटमध्ये राहायचा, त्यानं हौसेनं आणलेला. बॉर्डर कॉली म्हणे. काळापांढरा, लांब केसांचा, विलायतेतल्या मेंढपाळांचा कुत्रा. तीन वर्षांपूर्वी अदीबला कॅनडात नोकरी लागली. सहा महिन्यांत घर मिळालं की येऊन याला घेऊन जातो, असं सांगून तो कुत्रा पट्ट्यासकट इथे ठेवून गेला.

खलीलभाई पाच वेळचे नमाजी. कुत्रा घरात नको, असं त्यांच्या बहिणीनं, नशराआपांनी, उंबऱ्याबाहेर उभं राहूनच बजावलं. पण दुसऱ्यानं सांभाळायला दिलेली वस्तू म्हणजे अमानत. ती धन्याला विचारल्याशिवाय कुणाला देता येत नाही. मग खलीलभाईंनी तोड काढली. शेळ्यामेंढ्यांच्या राखणीला कुत्रा ठेवायला त्यांच्यात हरकत नसते. म्हणून बकऱ्या आल्या. कुत्रा पडवीत, नमाजाचे कपडे आतल्या खुंटीवर. मी तोंडावर हसले. ते म्हणाले, हसा वहिनी, पण अदीब परत येईल तेव्हा त्याची चीज त्याला जशीच्या तशी मिळाली पाहिजे.

अदीबनं ठेवलेलं ऑस्कर हे नाव त्यांनी पहिल्याच आठवड्यात रद्द केलं. कुत्रा सगळ्यांवर देखरेख करतो म्हणून तो मुकादम झाला. आणि होताच तो तसा. नदीवरून धुणं घेऊन येणाऱ्या बायका पांगून चाललेल्या त्याला खपायच्या नाहीत. वाकून, डोळे रोखून, गोल फिरून तो त्यांना एकत्र आणायचा. एकदा माझ्या टाचेला दात लावले. मी आळी डोक्यावर घेतली. खलीलभाई सांगू लागले की तो चावत नाही, फक्त वळवतो. मी म्हटलं, मला वळवणं माझ्या सासूला जन्मात जमलं नाही, हा कोण लागून गेला?

पण त्या दिवसापासून ते मोबाइलवर इंग्रजी व्हिडिओ बघू लागले. साठी उलटलेला माणूस अंगणात उभा राहून शिट्या शिकला. एक शिटी डावीकडे जायला, दुसरी उजवीकडे, लांब शिटी थांबायला. या जातीला नुसतं खायला घालून भागत नाही, डोक्याला काम लागतं, हे ते मला शाळामास्तरासारखं समजावून सांगायचे. उन्हाळ्यात त्याचे केस कात्रीनं कापायचे. माणसांशी दिवसाला चार वाक्यं बोलणारा हा गृहस्थ कुत्र्याशी तासन् तास बोलायचा. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटायचं. भिंतीपलीकडून आवाज तरी यायचा.

एक खोड मात्र जाईना. संध्याकाळी बकऱ्या आत यायच्या, खलीलभाई पडवीत बसायचे, तरी मुकादम रस्त्याच्या तोंडाशी जाऊन उभा राहायचा. हाका मारल्या तरी हलायचा नाही. "मोजतो आणि एक कमी भरतो," खलीलभाई एकदा म्हणाले. यंदा पावसाळ्यानंतर तर त्यानं खाणंही कमी केलं. बरगड्या दिसू लागल्या.

दिवाळी झाली आणि दरवर्षीप्रमाणे घाटावरचे धनगर उतरले. बिरू नावाच्या धनगराचा वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, आमच्या मागच्या शेतात बसला, दोनशे मेंढरं. मुकादम दोरी तोडून तिकडे पळाला. आम्ही दोघं धावत मागे. बघतो तर त्यानं लांबून वळसा घालून फुटलेली वीसेक मेंढरं गोळा करून आणलेली, आणि बिरू तोंडाचा आ करून उभा. पुढचे आठ दिवस कुत्रा सकाळी जायचा, संध्याकाळी चिखलानं माखून यायचा, भाकरी खायचा आणि झोपायचा.

वाडा उठायच्या आदल्या दिवशी बिरू आला. म्हणाला, "चाचा, ह्यो मला द्या. हितं बसून मरंल त्यो."

खलीलभाईंनी नाही म्हटलं नाही, हो म्हटलं नाही. मुलाला विचारतो, म्हणाले. मी तेव्हा त्यांच्या पडवीत चहा घेऊन गेले होते. फोन त्यांनी मोठ्या आवाजावर लावला. अदीबनं क्षणभरसुद्धा विचार केला नाही. "देऊन टाका, अब्बा. मी आता येऊन त्याला नेणारय थोडाच?"

एवढंच. मग त्यानं बीपीची गोळी घेतली का विचारलं आणि मीटिंग आहे म्हणून फोन ठेवला. कुत्र्यासाठी परवानगी मागायला गेलेल्या माणसाला, मुलगाच आता परत येणार नाही, हे उत्तर मिळालं. मला अदीबचा भयंकर राग आला, आणि तो वाईट मुलगा नाही म्हणून जास्तच आला.

सकाळी वाडा उठला. खलीलभाईंनी पट्टा बिरूच्या हातात दिला, शिट्या शिकवल्या. मेंढरं बांधापलीकडे गेली तसा मुकादम उलटा धावत आला. खलीलभाईंच्या मागे जाऊन दबून बसला, टाचेला तोंड लावून त्यांना पुढे ढकलू लागला. त्याच्या हिशेबात हे एक मेंढरू मागे राहिलं होतं. खलीलभाई हलले नाहीत. बिरूनं शिटी मारली, दोनदा मारली. तिसऱ्यांदा खलीलभाईंनी स्वतः मारली, आणि कुत्रा गेला.

मी चिडून विचारलं, अदीबनं सोडल्यावर आता तर तो तुमचाच होता, मग दिलात कशाला?

"तीन वर्षं आम्ही दोघं वाट बघत होतो, वहिनी," ते म्हणाले. "एक तरी सुटला."

बकऱ्या अजून आहेत. अदीबचा फोन दर जुम्म्याला येतो. गोळ्यांचं विचारतो, पाण्याच्या मोटरचं विचारतो. कुत्रा दिला का, हे त्यानं अजून विचारलेलं नाही.